देवकाबाईनं वाचलेला फोटो

माणसाच्या तोंडापेक्षा देवकाबाईचा त्याच्या पायांवर जास्त विश्वास होता.

देवकाबाई म्हणजे माझी मोठी आई, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ठेंगणी, सावळी, चौथीपर्यंत शिकलेली. लुगड्याचा पदर कायम कमरेला खोचलेला, जणू कुठल्याही क्षणी कुठंतरी निघायचं आहे. आमचं गाव अल्लीपूरच्या पुढं दोन कोसांवर. साऱ्या जिल्ह्यात दारूबंदी. म्हणजे दारू होती, पण नाल्याच्या काठानं, झुडपांच्या आड होती. वारा फिरला की मोहाचा आंबूस वास थेट शाळेच्या पटांगणात यायचा. त्र्याण्णव सालच्या सुमारास गावातल्या बाया एक झाल्या आणि त्यांनी मंडळ काढलं. मोठी आई अध्यक्ष झाली. निवडणूक वगैरे काही झाली नाही. पहिल्या भट्टीचं पहिलं मडकं तिनं फोडलं होतं, एवढंच.

दर शनिवारी दुपारी मारुतीच्या पारावर मंडळ बसायचं. ज्याच्यावर संशय असेल त्याला बोलावणं जायचं. वास घेऊन उपयोग नव्हता. तंबाखू-सुपारीचा खर्रा, कांदा, बडीशेप असे वास लपवायचे सगळे उपाय पिणाऱ्यांना पाठ होते. म्हणून मोठ्या आईनं चाकोरी काढली. पारापासून विहिरीपर्यंत बैलगाड्यांच्या चाकांनी काळ्या मातीत दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या, वीतभर रुंद, पावसाळा सरला की दगडासारख्या टणक. त्यातल्या एका चाकोरीत पाऊल ठेवून विहिरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. पाऊल बाहेर पडलं की माणूस पेलेला, म्हणजे प्यायलेला. मग पाराच्या पायरीवर उभं राहून, दोन्ही कान धरून सगळ्यांदेखत म्हणायचं, “मी पेलो. आता पेणार नाई.”

“तोंड खोटं बोलते. पाय नाई बोलत,” मोठी आई म्हणायची.

चाकोरीच्या धाकानं कितीतरी घरांतल्या बाया सुखानं जेवू लागल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तालुक्याचे अधिकारी येऊन तिला शाल देऊन गेले. ती शाल तिनं एकदाही अंगावर घेतली नाही. घडी घालून पेटीत ठेवली. पण ती पेटी ती येणाऱ्याजाणाऱ्याला उघडून दाखवायची.

तिचा नवरा, माझे मोठे बाबा, तानबाजी. हे तिच्या अगदी उलट. बोलणं कमी, चालणं सावकाश, उभ्या जन्मात दारूला शिवलेले नाहीत. शनिवारी बाया जमायच्या आधी पाराजवळच्या माठात पाणी भरून ठेवायचं काम त्यांनी आपणहून उचललं होतं. आम्हा पोरींना म्हणायचे, “हे फौजदार झाली असती न, तर मी कोठडीतच म्हातारा झालो असतो.” मोठी आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण तिच्या गालावरची एक रेघ हलायची.

नव्याण्णवच्या डिसेंबरात कापसाची दुसरी वेचणी घरात येत होती. खोलीत कापूस रचायचं काम मोठे बाबा करत होते. डोक्यावर गाठोडं घेऊन आत जाताना चौकटीचा वरचा लाकडी पट्टा त्यांच्या डोक्याला लागला. टेंगूळ आलं. मोठ्या आईनं हळद लावली. ते म्हणाले, “चौकटीनं मारलं, तू नाई मारलं, एवढं बरं.” सगळे हसले. दोन दिवसांत टेंगूळ बसलं आणि ती गोष्ट विसरली गेली. वर्षभरापूर्वी त्यांच्या छातीत दुखलं होतं, तेव्हापासून ते रोज रक्त पातळ करायची एक गोळी घेत होते. त्या गोळीची आणि टेंगळाची सांगड घालावी, असं आमच्यातल्या कुणाच्याही मनात आलं नाही.

जानेवारी लागला तसे मोठे बाबा बदलत गेले. दुपारी झोपायचे आणि उठवलं तरी पुन्हा झोपायचे. डावा पाय ओढत चालायचे. चहाची कपबशी डाव्या हातातून निसटायची. बोलताना जीभ जड व्हायची. एक दिवस त्यांनी बैलांसाठी डोणीत ओतायचं पाणी चुलीत ओतलं. दुसऱ्या दिवशी अगदी ठीक असायचे, आणि हेच सगळ्यात वाईट झालं. ठीक असलेला माणूस मधूनच झोकांड्या खायला लागला, की गावाला त्याचं एकच कारण माहीत होतं. त्यात त्यांचं डोकं दुखायचं, मळमळायचं, म्हणून ते सारखी बडीशेप चघळायला लागले.

संक्रांतीसाठी मी घरी आले होते. नागपूरला एम.ए.चं पहिलं वर्ष करत होते आणि सपना नावाची मैत्रीण बरोबर होती. स्टँडवर मोठे बाबा आम्हाला घ्यायला आले होते. धोतर एका बाजूला सुटलेलं, बोलणं चिखलात पाय रुतावा तसं. ते माझी पिशवी घ्यायला पुढे झाले आणि लोखंडी खांबावर आदळले. सपनानं हळूच विचारलं, “हे कोण?”

मी म्हणाले, “शेजारचे आहेत.”

त्यांनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. पिशवी उचलून ते आमच्या मागून चालत आले.

हळदीकुंकवाच्या दिवशी सुलोचनाबाई मागच्या अंगणात मोठ्या आईशी बोलत होती. मंडळात मोठ्या आईच्या खालोखाल तिचाच शब्द. मी तिळाच्या वड्या कापत आत बसले होते.

“देवकाबाई, राग नका मानू,” ती म्हणाली. “काल तानबाजी भिंत धरून घरी येऊन राह्यले होते. माह्या पोरानं पाह्यलं.”

मोठ्या आईनं हळदीकुंकवाचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

“अन् थे बडीशेप...”

“मालूम हाय मले.”

“मी तर म्हणतो, घरातलं घरातच पाहा. पारावर कायले आणता? हे वय हाय का त्याईचं?”

“दुसऱ्याच्या नवऱ्याले मी चाकोरीत घालतो,” मोठी आई म्हणाली, “अन् आपला झाकून ठेवतो काय? कोनत्या तोंडानं बसू मंग त्या पारावर?”

हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं. तिचा आवाज अगदी समजूतदार होता. तिच्या जागी दुसरी एखादी बाई असती तर नवऱ्याला झाकलं असतं आणि पुढचं काहीच झालं नसतं. आम्ही सगळे तिच्या ज्या खरेपणाचं कौतुक करत आलो होतो, त्याच खरेपणानं तिनं ठरवलं.

शनिवारी पार भरून गेला. मंडळाच्या बाया तर होत्याच, पण एरवी लांबून जाणारे पुरुषही कडुनिंबाखाली उभे होते.

“आज फौजदारणीच्या घरावरच धाड हाय म्हणते,” कुणीतरी म्हणालं आणि हसू फुटलं.

मोठे बाबा नेहमीप्रमाणे पाणी भरायला आले होते. आपल्यालाच बोलावलं आहे, हे त्यांना कळायला वेळ लागला. मोठी आई म्हणाली, “चाला. चाकोरीतून चाला.”

“काऊन?”

“चाला म्हणतो न.”

ते चालले. पहिली सात-आठ पावलं बरोबर पडली. मी मोजत होते. मग डावं पाऊल चाकोरीच्या कडेला घासलं, बाहेर पडलं. त्यांनी ते पुन्हा आत आणलं. पुन्हा बाहेर. विहिरीपर्यंत ते कसेबसे गेले. परत येताना पाराजवळ त्यांचा तोल गेला आणि ते डाव्या अंगावर कोसळले. पाराच्या दगडी कडेवर डोकं आपटल्याचा आवाज झाला. मोठा नव्हता. नारळ जमिनीवर ठेवावा तेवढाच.

“भरपूर टाकली हाय बुढ्यानं,” कडुनिंबाखालून आवाज आला.

धनंजय, त्यांचा मुलगा, पुढे धावला. मोठ्या आईनं हात आडवा केला. पडलेल्यानं आपलं आपण उठायचं, असा तिनंच घातलेला नियम होता. मोठे बाबा उठले. पायरीवर उभे राहिले. उजव्या हातानं उजवा कान धरला. डावा हात वर जाईना.

“दोनी कान,” मोठी आई म्हणाली.

हात अर्ध्यावर आला आणि खाली गेला. लोक हसत होते. तेव्हा तिनं स्वतः त्यांचा डावा हात उचलला आणि त्यांच्या कानावर नेऊन ठेवला. तो धरून ठेवला, कारण सोडला की तो पडत होता.

“मी पेलो,” मोठे बाबा म्हणाले. “आता पेणार नाई.”

मी तिथंच होते. त्या माणसाला दारूचा घोटही माहीत नाही, हे मला ठाऊक होतं आणि तरी मी मान खाली घातली. लाज वाटत होती. त्यांची.

पाचव्या दिवशी सकाळी ते उठेनात. हलवलं की डोळे अर्धे उघडायचे आणि मिटायचे. उलटी झाली. धनंजयनं जीप आणली आणि आम्ही हिंगणघाटला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, तळपायावर चावी ओढली, डावा हात उचलून सोडला. मोठी आई खालच्या आवाजात म्हणाली, “साहेब, एक सांगतो. थे... पेतात.”

डॉक्टरांनी वरही पाहिलं नाही. “पिणाऱ्याचे दोन्ही पाय लटपटतात, बाई. एकच बाजू लुळी पडत नाही. नागपूरला न्या, आत्ताच्या आत्ता. डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागेल.”

जीपमध्ये मोठ्या बाबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. बुटीबोरीच्या पुढे तिनं एकदा त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

स्कॅनचं यंत्र एका थंड खोलीत होतं. भलंमोठं पांढरं कडं, त्यात सरकणारा पलंग. मोठ्या बाबांचं डोकं पट्ट्यानं बांधलं आणि पलंग कड्यात सरकला. काचेच्या अलीकडे आम्ही उभे. दहा मिनिटं लागली असतील. मोठी आई विचारत होती, “दुखत तं नसन न त्याईले?” नाही, म्हटलं, फोटोच आहे, आतला.

मेंदूच्या सर्जननी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. एका फिल्मवर वीस चौकोन. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे मोठ्या बाबांच्या डोक्याचे काप. भोवती कवटीचं पांढरं कडं आणि आत राखाडी मेंदू. उजव्या बाजूला, कवटी आणि मेंदू यांच्या मधोमध, चंद्रकोरीच्या आकाराचं काहीतरी काळपट साचलं होतं. त्या दाबानं मेंदूची मधली रेघ वाकून पलीकडे गेली होती.

“हे रक्त आहे,” डॉक्टर म्हणाले. “कवटीच्या आत साचलेलं. उजवीकडे साचलं म्हणून डावा हात-पाय गेला. काही महिन्यांत डोक्याला मार लागला होता?”

धनंजय म्हणाला, “डिसेंबरात चौकट लागली होती. पण थोडीशीच.”

“थोडीशी पुरते या वयात. त्यात ती गोळी. थेंब-थेंब गळत राहतं. माणूस झोपाळू होतो, अडखळतो, विसरतो. कितीतरी लोकांना वाटतं की म्हातारपण आलं, नाहीतर दारू प्यायला लागला.”

मोठ्या आईनं पदर सारखा केला.

“रक्ताचा रंग फिल्मवर वयाप्रमाणे बदलतो,” ते पुढे म्हणाले. “ताजं रक्त पांढरं दिसतं, दिवस गेले की राखाडी होतं, मग काळपट. हे काळपट सहा-सात आठवड्यांचं आहे. म्हणजे तुमची चौकट. पण इथं पाहा.” चंद्रकोरीच्या मागच्या टोकाला, तळाशी बसलेली एक पांढरी पट्टी त्यांनी पेनानं दाखवली. “हे नवीन आहे. चार-सहा दिवसांचं. जुन्यावर पुन्हा मार बसलाय. या आठवड्यात पडले होते कुठं?”

खोलीत पंख्याचा आवाज होता.

“न्हाणीत,” मोठी आई म्हणाली. “न्हाणीत पाय घसरला त्याईचा.”

धनंजयनं जमिनीकडे पाहिलं. मी फिल्मकडे. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: न्हाणीत पडले. सात वर्षं गावातल्या पुरुषांकडून खरं वदवून घेणाऱ्या बाईचं मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. कवटीला दोन छिद्रं पाडली, साचलेलं रक्त धुऊन काढलं, उरलेलं वाहून जायला एक नळी ठेवली. डॉक्टर म्हणाले, इंजिन ऑइलसारखं निघालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन झाला. चंद्रकोर बारीक झाली होती, तिच्या जागी थोडं पाणी आणि थोडी हवा. मधली रेघ सरळ व्हायला लागली होती. “थोडं राहतंच, घाबरू नका,” डॉक्टर म्हणाले. “पुन्हा भरत नाही ना, एवढं पाहायचं. ती गोळी सध्या बंद. महिन्यानं परत फोटो काढू.”

तिसऱ्या दिवशी मोठ्या बाबांनी डोळे उघडले, सगळ्यांना ओळखलं, डाव्या हातानं पाण्याचा पेला धरला. डोक्याला पांढरी पट्टी, गाल बसलेले. मोठी आई त्यांच्या उशाशी उभी होती. त्यांनी तिला जवळ बोलावलं.

“चुकलं माह्यं,” ते म्हणाले.

“काय चुकलं?”

“या वयात पेलो मी. तुले साऱ्या गावापुढं मान खाली घालावी लागली.” त्यांचे डोळे भरून आले. “मले आठवत नाई, कवा पेलो. पन तू म्हणाली म्हणजे पेलोच असन.”

तिला तेव्हा बोलता आलं असतं. फिल्मचं मोठं पिवळं पाकीट पलंगाखालीच होतं. “पाणी घ्या,” ती म्हणाली.

गावात परतल्यावर सगळं मिटेल, असं आम्हाला वाटत होतं. पण गावानं आपला अर्थ आधीच लावून ठेवला होता. तानबाजीच्या डोक्याची नस दारूनं फुटली. डॉक्टरनं डोकं खोलून दारू काढली. कडुनिंबाखाली हे सगळं बघितल्यासारखं सांगितलं जायचं. सुलोचनाबाई खीर घेऊन आली आणि मायेनं म्हणाली, “जाऊ द्या, आता सुटली न त्याईची. शपथ कामी आली.” मोठ्या आईनं खीर घेतली.

मोठे बाबा घराबाहेर पडेनात. पारावर पाणी भरायला जायचे तेही बंद. कुणी आलं की आत जाऊन बसायचे. पेलेला माणूस म्हणून ते आता स्वतःलाच लाजत होते आणि ही लाज त्यांच्या पदरात कुणी टाकली, हे ती पाहत होती. ती शनिवारी पारावर जायची, पण कुणाला चाकोरीत चालायला लावलं नाही. आज बरं नाही, म्हणायची.

महिन्यानं तिसरा फोटो निघाला. चंद्रकोर जवळजवळ गेली होती, मधली रेघ मधोमध आली होती. डॉक्टर खूश होते. पुढच्या पेशंटला हाक मारणार तेवढ्यात मोठी आई म्हणाली, “साहेब, थे न्हाणीत नव्हते पडले.”

“मग?”

“मी पाडलं.”

तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. चाकोरी, शनिवार, डावा हात, पायरी. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तेव्हा सांगितलं असतंत तरी ऑपरेशन तेच केलं असतं,” ते म्हणाले. “पण आम्हाला खोटं सांगत जाऊ नका. आम्ही त्यावरच पुढचं ठरवतो.”

“हो जी. अजून एक. मले हे वाचाले शिकवा.”

“काय?”

“फोटू. कोनतं कवाचं हाय, थे मले लोकाईले दाखवाचं हाय.”

बाहेर रांग होती. तरी त्यांनी पहिली फिल्म पेटीवर लावली. ती बोट ठेवून शाळेतल्या पोरीसारखी म्हणत गेली: हे कडं हाडाचं, पांढरं. हे मधातलं पाण्याचं, काळं. हे मेंदूचं, राखाडी. हे जुनं रक्त. हे नवं. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा चुकली नाही.

परतीच्या एसटीत तिनं मोठ्या बाबांना सांगितलं. मी मागच्या बाकावर होते. हिंगणघाट जवळ आलं होतं, बाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली शेतं. ती खूप वेळ बोलत होती, त्यांच्याकडे न पाहता.

“म्हणजे मी पेलो नाई?” त्यांनी विचारलं.

“नाई.”

ते म्हणाले, “मी रोज आठवून राह्यलो होतो वं, कोन पाजली मले. नाव येत नव्हतं.” “मंग तू मले काऊन चालवलं?”

एसटी स्टँडात शिरेपर्यंत ते तिच्या उत्तराची वाट पाहत होते, असं मला त्यांच्या मानेवरून वाटलं.

पुढच्या शनिवारी ती पिवळं पाकीट घेऊन पारावर गेली. फिल्म बाहेर काढून तिनं उन्हात, दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. बाया माना वर करून पाहू लागल्या.

“हे तानबाजीचं डोकं हाय,” ती म्हणाली. “हे काळं दिसून राह्यलं, थे डिसेंबरातलं. चौकट लागली होती त्याचं रक्त. दारूचा थेंब नाई. तुमी ज्याले झोकांड्या म्हणत होते, थ्या याच्यानं होत्या.” तिचं बोट सरकलं. “अन् हे पांढरं. हे माह्यं हाय. मी चाकोरीत चालवलं, थे पडले, थ्या दिवसाचं.”

कडुनिंबाखाली कुणी हसलं नाही. सुलोचनाबाई रडायला लागली. दोन-तीन बाया उठून मोठ्या आईजवळ आल्या. एवढ्यावर झालं असतं. देवकाबाईनं आपली चूक कबूल केली, असं गाव म्हणालं असतं, आणि तिचा मान आणखी वाढला असता.

मागून अनुसयाबाईनं विचारलं, “अन् आमच्या माणसाचा फोटू कोनं काढला?”

अनुसयाबाई मजुरी करणारी विधवा. तिचा नवरा डोमाजी तीन वर्षांपूर्वी गेला. कापसाच्या गाडीवरून पडल्यावर तो तिरपा चालायला लागला होता. मंडळानं त्याला चाकोरीत चालवलं. “आज नाई पेलो, बाई,” असं तो हात जोडून म्हणाला होता. पाऊल बाहेर पडलं, त्यानं कान धरले. दीड महिन्यानं तो झोपेतच गेला. दारूनं मेला, असं सगळे म्हणाले. तेरवीला मोठी आई अनुसयाबाईला म्हणाली होती, “सुटली तू.” डोमाजीची मुलगी जया, दारुड्याची पोरगी म्हणून तिच्या लग्नाची दोन ठिकाणं मोडली होती.

फिल्म अजून मोठ्या आईच्या हातात, वर होती. ती हळूहळू खाली आली.

“नाई काढला कोनी,” ती म्हणाली.

“मंग थे काय होतं?”

मोठ्या आईनं फिल्म पाकिटात सरकवली. अनुसयाबाई उठून निघून गेली.

मी नागपूरला परत जाताना मोठ्या आईनं मला एकच काम सांगितलं: डोमाजीचंही असंच होतं का, डॉक्टरला विचारजो. मी विचारलं. ते म्हणाले, “असेलही, नसेलही. फोटोशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. आता तर नाहीच.” हे उत्तर मी पत्रातून कळवलं. ते पत्र घेऊन मोठी आई अनुसयाबाईच्या अंगणात गेली. पुढच्या वेळी मी गावी आले तेव्हा तिनंच मला सांगितलं. अनुसयाबाई तूर पाखडत होती. तिनं बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पत्रातलं ऐकून घेतलं आणि सूप थांबवून म्हणाली, “थे पेत होते. महिन्यातून दोनदा-तीनदा. पन थ्या दिवशी नव्हते पेले. मी सांगितलं होतं तुमाले. तुमी म्हणाल्या, नवऱ्याले झाकू नको.”

“हो,” मोठी आई म्हणाली.

“तुमच्या माणसाचं नाव तुमी पारावर जाऊन सोडवलं. फोटू होता तुमच्याजवळ. आमच्या माणसाचं कोनं सोडवाचं?”

मी आले त्याच आठवड्यातल्या शनिवारची गोष्ट. मोठी आई रिकाम्या हातानं पारावर गेली. मोठे बाबा बरोबर आले नाहीत. पण सकाळी त्यांनी माठ भरून ठेवला होता. ती पायरीवर उभी राहिली. फिल्म धरली होती तेव्हा तिचा आवाज खणखणीत होता, कारण बोट ठेवायला जागा होती. आज नव्हती. ती थांबत थांबत बोलली.

“डोमाजी थ्या दिवशी पेला होता का नव्हता, मले मालूम नाई. डॉक्टरलेही आता सांगता येत नाई. मले मालूम नसताना मी त्याले पेलेला म्हटलं. तुमाले म्हणाले लावलं. थो मेल्यावरही म्हटलं.”

बायांमध्ये चुळबुळ झाली. सुलोचनाबाई खालच्या आवाजात म्हणाली, “देवकाबाई, पन थो तर पेतच होता न...” मोठ्या आईनं तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ती पायरीवरून उतरायला लागली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एखाद्या घरात बोलावल्याशिवाय शिरल्यावर माणसाचा होतो, तसा.

शेवटच्या ओळीत बसलेली अनुसयाबाई रस्त्याकडे पाहत होती. शेतातून परतणारी जया, डोक्यावर गवताचा भारा, पाराशी येऊन थांबली होती.

“देवकाबाई,” अनुसयाबाई म्हणाली, “अजून एकडाव सांगजा. माही पोरगी आता आली.”

मोठी आई पुन्हा पायरी चढली आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.